चार रविवार, एकच वजन

दादा,
सशाला घेऊन डॉक्टरांकडे जातेय. मी महिनाभर बाहेरगावी होते, त्याचं सगळं तुझ्या भरवशावर होतं. आज काट्यावर ठेवला तर पावणेदोन किलो भरला. कॅलेंडरवर तू चारही रविवारी सव्वादोन लिहिलंयस. त्याचे दात वाढून आत वळलेत, गवतसुद्धा चावता येत नाही. पोटाखाली केसांच्या गाठी झाल्यात, म्हणजे ब्रशलाही तू हात लावलेला नाहीस. ससा दुखणं दाखवत नाही, म्हणून तर दर आठवड्याला बघायचं असतं.

भात कुकरमध्ये आहे, गरम करून घे.

आईच्या रक्तातल्या साखरेच्या नोंदींच्या वहीतही शेवटचा महिनाभर तुझ्या अक्षरात एकच आकडा आहे. ती गेली तेव्हा मी काही बोलले नाही. वही माझ्या कपाटात आहे.