एकाच वचनापाशी

१ नोव्हेंबर १९५४, सोम. अंबरनाथ
आजपासून सुरुवात. पाळकसाहेब स्त्रियांच्या सभेत म्हणाले, अध्यायावर अध्याय वाचू नका. एकच वचन घ्या आणि चूल पेटवायच्या आधी त्यापाशी शांत बसा. बसले. दूधवाला आला, उठले. परत बसले तर वचन कुठलं तेच आठवेना.

४ नोव्हें., गुरु.
बसते आहे रोज, पण मन भलतीकडेच. हे म्हणाले, "गप्प बसून काय करतेस? मोठ्यानं वाच की." ह्यांना निम्मं शास्त्र तोंडपाठ, चर्चच्या मंडळीने निवडलेले वडील. म्हटलं, "वाचत नाही, ऐकते." हसले.

९ नोव्हें., मंगळ.
मत्तय, पाचवा अध्याय. वेदीशी दान घेऊन आलास आणि भावाचं मन तुझ्यामुळे दुखावलंय हे आठवलं, तर दान तिथंच ठेव, आधी त्याच्याकडे जा. वाचलं आणि डोळ्यांपुढे बेलवलीचे भाऊजी. ह्यांचा पाठचा भाऊ. सासूबाई त्यांच्याकडेच असायच्या. गेल्या हिवाळ्यात वारल्या, भाऊजींनी अग्नी दिला, आम्हाला साधं कळवलं नाही. आम्ही ख्रिस्ती झालो म्हणून. तेव्हापासून हे त्यांचं नावसुद्धा काढू देत नाहीत.

१२ नोव्हें., शुक्र.
दुसरं वचन घेणार होते. पान उलटवेना. रविवारी दानाची थाळी हेच फिरवतात.

१५ नोव्हें., सोम.
जेवताना ह्यांना वचन वाचून दाखवलं. ह्यांनी ताट सरकवलं. "मला शिकवतेस?" तसेच कारखान्यात कामावर गेले. उद्याचं ध्यान? जमेल असं वाटत नाही. भीती वाटते.

१८ नोव्हें., गुरु.
उल्हासनगरला कापड आणायला जाते सांगून बेलवलीला गेले. खोटं बोलून वचन पाळायचं, हे कसलं ध्यान.
भाऊजी खळ्यावर भात झोडत होते. जाऊबाईंनी पाणी दिलं. धीर करून विचारलं, "आई गेल्या तेव्हा कळवलं का नाही?"
भाऊजी बघतच राहिले. "वहिनी, मी मानूस धाडला व्हता. कारखान्याच्या गेटावर. दादा सोता भेटला त्याला. येतो बोलला."
चहा पुढं केला, तसाच ठेवला. निघाले तर जाऊबाईंनी पिशवीत नवे तांदूळ घातले.

१९ नोव्हें., शुक्र.
म्हणजे ह्यांना माहीत होतं. वर्षभर माझ्यासमोर भावालाच दोषी ठरवून बसले, आणि मीही...
डबा दिला. सकाळी बसले होते, पण वचनावर नाही. ह्यांच्या चपलांकडे बघत.

२१ नोव्हें., रवि.
उपासनेला देवळात निघताना विचारलंच. "अहो, निरोप मिळाला होता ना?"
"कोण म्हणालं?"
"बेलवलीला जाऊन आले."
अंगावर येतात की काय असं वाटलं. उंबऱ्यावरच खाली बसले. मग म्हणाले, "गेलो होतो. नदीपर्यंत. धूर दिसत होता. सगळे भाऊबंद उभे होते. मला बघून भटजी निघून गेला असता तर? आणि इकडे मंडळीत कळलं असतं तर? झाडाआड उभा राहिलो. तिथूनच परत."
आईच्या चितेपर्यंत जाऊन परत आले. राग कुठे ठेवू कळेना.
आज थाळी दुसऱ्यांनी फिरवली. पाळकसाहेबांनी विचारलं. हे म्हणाले, बरं वाटत नाही.

२८ नोव्हें., रवि.
देवळात मी एकटीच. हे सकाळीच बेलवलीला गेले, तिसऱ्या प्रहरी परतले. भाऊजी भांडले नाहीत म्हणे. ह्यांना तेच जड गेलं. एवढंच म्हणाले, "पुढल्या महिन्यात आईचं वर्षश्राद्ध हाय. पिंडाला हात लावू नको, दादा. पन येऊन बस."
हे गेले तर हिंदू विधीला बसले म्हणून मंडळीतलं वडीलपण राहत नाही. नाही गेले तर भाऊ पुन्हा दार उघडणार नाही.
"जाऊ का गं?"
लग्न झाल्यापासून मला असं कधी विचारलं नव्हतं. म्हटलं, "उद्या सकाळी माझ्याजवळ बसा."
खुंटीवरची बेलवलीच्या तांदळाची पिशवी काढली, मूठभर तांदूळ हातात घेऊन वास घेतला आणि तसेच उभे राहिले.