भू, दुसरा उकार

८ सप्टेंबर २०२५, सोमवार. सकाळी ७.४०. नेमणूकपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालत होतो. संकेश्वरजवळच्या साखर कारखान्यात वजनकाट्यावर क्लार्क! हजर व्हायचं ३ नोव्हेंबरला. पत्र, दहावीचं मार्क्सकार्ड आणि आधार, तिन्हींवरचं नाव जुळलं पाहिजे.
जुळतं. तिन्हीकडे इंग्रजीत एकच यू. म्हणजे तिन्हीकडे चूक. एक यू म्हणजे पहिला उकार. भू दुसऱ्या उकाराचा. भू म्हणजे पृथ्वी, पाल म्हणजे सांभाळणारा, भूपाल म्हणजे राजा. यू काढून दोन ओ घातले की उकार दीर्घ होतो. आधी आधार, मग मार्क्सकार्ड, मग पत्र. दोन महिने आहेत. पुष्कळ.

९ सप्टेंबर. आप्पांना सांगितलं. म्हणाले, हाक मारली की व्हय म्हणतोस न्हवं? मग झालं की. आधी नोकरीला लाग. आई म्हणाली, गल्लीत तीन भूपाल हाईत, टेंपो भूपाल, किराणा भूपाल आणि नुसता भूपाल. तुझ्या बारशाला आत्याला दुसरं नाव आठवंना रं, राजाबिजा कुणाच्या मनात न्हवता.
दोघांना व्याकरण नाही.

१२ सप्टेंबर. आधार केंद्र. तिथला भरमू म्हणाला, नाव आयुष्यात दोनदाच बदलतंय, पावती नीट बघून सही कर. अर्धा तास बघितली. आमच्याकडे आधारवर नाव कन्नडमध्येही असतं; तिथल्या पाटीलला दीर्घ खूण नव्हती, ती घालून घेतली. मागची रांग ओरडत होती. भरमूनं मला हात जोडले, बहुधा आदरानं. इंग्रजीकडे फार बघितलं नाही. पीयूसीला, म्हणजे बारावीला, तोच विषय राहिला होता.

२९ सप्टेंबर. आधार आलं. यू गेला, पण ओ एकच. भोपाल.
दोस्त साईराज म्हणाला, भोपाळचं तिकीट काढलंस व्हय रं? संध्याकाळपर्यंत गल्लीत भोपळा झालो. भरमूला जाब विचारायला पावती काढली. तिच्यावरही भोपालच, खाली माझी सही. सही सुवाच्य आहे.

१४ ऑक्टोबर, मंगळवार. दुसरा आणि शेवटचा बदल. साईराज मुद्दाम बरोबर आला. म्हणाला, परत यू कर आणि गप नोकरीला जा. भरमू म्हणाला, व्हय की, तीन कागद जुळत्यात. मी विचारलं, माहीत असून चूक लिहू? साईराज बाहेर जाऊन बसला.
दोन ओ सांगितले. बोट ठेवून मोजले. दोन. आता मार्क्सकार्ड सहज होईल.

२४ ऑक्टोबर. शाळेत गेलो. हेडमास्तर म्हणाले, बदल बोर्ड करणार, सहा महिने धर, आणि जन्मदाखला आण. जन्मदाखल्यावर नावाचा रकाना कोरा आहे. लिंग तेवढं बरोबर आहे. कारखान्याला फोन करून दोन ओंचं पत्र मागितलं. म्हणाले, पत्र मार्क्सकार्डावरून निघतं. परत भरमूकडे. म्हणाला, आता मशीन घेत न्हाय.
म्हणजे आयुष्यभर दीर्घ. तत्त्व म्हणून योग्यच. रात्री जेवण गेलं नाही.

३ नोव्हेंबर, सोमवार. आठला हजर होतो. साहेबांनी आधार आणि मार्क्सकार्ड शेजारी ठेवलं. मी अर्थ सांगितला. पृथ्वीपर्यंत ऐकलं, मग वेटिंग लिस्टवरच्या पहिल्याला हाक मारली. भूपाल पाटील. मी उठलो. चिकोडीचा एक मुलगाही उठला. हाक त्याला होती.
त्यानं रजिस्टरात सही केली. भुपाल. पहिला उकार. मी दाखवून दिलं. तो म्हणाला, असू दे की अण्णा, हाक तीच हाय.
माझ्यासाठी करून ठेवलेला बिल्ला त्याच्या खिशाला लावला. एक यू. नवीन करावा लागला नाही.
आप्पा फाटकाबाहेर गाडीवर बसून होते. माझा मोकळा खिसा बघितला आणि गाडी चालू केली. निपाणीला घरी आलो.

खर्च: आधार ५० + ७५ = १२५. झेरॉक्स ६२. बस ३४०. नोकरीसाठी शर्ट-पँट १,४५०. एकूण १,९७७.
देणे: आप्पा १,४५०. साईराज ३००.
आधारवर उरलेले बदल: भोपळा.