गिअरच्या तेलाला बांधलेली तार

मंगळवार, मस्कत. दिवस मावळताना.

सकाळी आलेल्या गाडीच्या रेडिएटरातलं पाणी गिअरच्या तेलात उतरत होतं. म्हणून मी रेडिएटर सोडून तेलाच्या नळ्या थेट तेल गार करणाऱ्या पुढच्या वेगळ्या कूलरला जोडल्या. इथवर बरोबर. पण नळ्या आवळायच्या क्लिपा संपल्या होत्या. मग तार आवळली, गावाकडं रेणापूरला विहिरीवरच्या पाइपाला आवळतो तशी. दुष्काळात त्या तारेनं थेंब गळू दिला न्हाई. पण ते गार पाणी होतं. हे पोळणारं तेल! नळी मऊ झाली की तार तिला कापणार, हे तेव्हा का सुचलं न्हाई?

गाडी तर मालकाच्या बायकालेकरांसकट वाळवंटाच्या वाटेला लागली.

शेवटी गॅरेज चालवणाऱ्या हैदराबादच्या उस्तादांना सांगितलं.

"तार? अरे, तू विहिरीवर हाय का गॅरेजात?" एवढंच बोलले. दुकानातून क्लिपा घेतल्या आन् तेलाचा डबा पिकअपात टाकून गाडीच्या मागं गेले. अजून परतले न्हाईत.

बापूचं पत्र उशाला हाय. लातूर जिल्हा झाला आन् आपलं पोरगं मेकॅनिक झालं, असं गावभर सांगून राहिलेत. कसला मेकॅनिक? तार बांधणारा.

माझ्या हातची गाडी बंद पडावी, असं आज पहिल्यांदा वाटून राहिलं. पडू दे. फक्त वस्ती संपायच्या आत पडू दे.