संगणक एकदा बंद करण्याविषयी

लोद (इस्रायल), मंगळवार

चि. तामार हिस शालोम आणि थोरल्या भावाचे आशीर्वाद.

माझी प्रकृती ठीक आहे. रोह्यात तुझा गुडघा कसा आहे?

फोनवर हा विषय काढला की तू स्वयंपाकाकडे वळतेस, म्हणून लिहितो. शब्बाथात, म्हणजे शनिवारच्या विसाव्यात, कळ दाबायची नाही, म्हणून आपण शुक्रवारी सूर्यास्तापूर्वीच व्हिडिओ कॉल लावून ठेवतो. तू मात्र संगणक एरवीही बंद करत नाहीस. कर्नेलमध्ये, म्हणजे संगणकाच्या गाभ्यात, एक छिद्र सापडले आहे. त्यातून परका माणूस तुझ्या कॅमेऱ्याचाही ताबा घेऊ शकतो. त्याची दुरुस्ती, म्हणजे पॅच, तुझ्या संगणकात पोचली आहे. परंतु पोचणे म्हणजे लागू होणे नव्हे. माझा अब्राहम हेच काम करतो. तो म्हणाला, "आत्याला सांगा, बंद करून चालू केल्याशिवाय पॅच लागत नाय."

तू म्हणतेस, "आणि संगणक परत चालूच झाला नाय तर, दादा? तुझं तोंड कुठं बघू?" या आक्षेपाचे खंडन मला करता येत नाही. यंत्र जुने आहे. खात्री देणे अप्रामाणिक ठरेल.

तरीही रविवारी बंद कर. पेणचे नातलग इकडे आल्यापासून तू एकटी आहेस; तुझ्या घरात माझ्याखेरीज कोणी डोकावू नये.

माझ्या संगणकाचा पडदा तुझ्या कॉलने परत उजळेपर्यंत मी समोरच बसून असेन. मला दुसरे काम नाही.

तुझी खुशाली इच्छिणारा,
एलियाहदादा