प्रमुखांचं रक्त

३ जून
आजपासून हॉस्पिटलच्या जनुकीय लॅबचा मी प्रमुख. अख्ख्या भोर तालुक्यात असं पद दुसरं नसेल. संकल्प : निर्णय तडकाफडकी घ्यायचे. स्टाफला माझ्या चेहऱ्यावर भीती दिसता कामा नये. आईने कामथडीहून फोनवर विचारलं, "म्हंजी आता सुया टोचायचं सुटलं का रं, धनाजी?" तिला लीडरशिप समजावणं अवघड आहे.

६ जून, संध्याकाळ
बायकोचा, संजीवनीचा, रक्ताचा रिपोर्ट आला. थॅलेसेमिया मायनर. म्हणजे रक्ताच्या या आजाराची ती नुसती वाहक, कॅरियर; तिला स्वतःला त्रास नाही. पण तिला तिसरा महिना लागलाय, म्हणून नवऱ्याचंही रक्त तपासायला हवं. दोघंही कॅरियर निघालो तर बाळाला मेजर असण्याची शक्यता चारात एक. मेजर म्हणजे जन्मभर रक्त चढवत राहायचं. हे मी रोज लोकांना चित्र काढून समजावतो. आज चित्र काढावंसं वाटलं नाही.
उद्या पहिलं काम, माझं सॅम्पल.

७ जून
प्रमुखाने स्वतःच्याच लॅबमध्ये सॅम्पल देणं नैतिक आहे का? दिवसभर विचार केला.

१० जून
पुण्याला पाठवावं म्हटलं, तर कुरियरचा भरवसा नाही. इथे मशीनचं कॅलिब्रेशन बाकी. ते मागच्याच आठवड्यात झालं, असं शुभांगी म्हणते. सीनियर टेक्निशियन आहे, पण बिग पिक्चर बघत नाही.
संजीवनीने विचारलं, रक्त दिलं का. "प्रोसेसमध्ये आहे," म्हणालो. खोटं नाही. मी प्रोसेसमध्ये आहेच.

१४ जून
वेल्ह्यात थॅलेसेमिया तपासणीचा कॅम्प. 'भिऊ नका, तपासा' यावर बोललो. उत्तम झालं. कुंडलिक नावाचे शेतकरी लेक-जावयाला घेऊन आले होते. म्हणाले, "सायेब, तुमी सोता केली का तपासणी?" म्हटलं, हा काय प्रश्न झाला. तर म्हणाले, "तसं न्हाई. जावई लई भितोय, त्याला सांगायला बरं." तेवढ्यात जावयाने बाही वर केली. मी पाणी प्यायला कॅम्पच्या टेम्पोमागे गेलो. बराच वेळ लागला.

१५ जून
रात्री झोप लागली नाही. चहा कमी करणे.

१९ जून
संजीवनी म्हणाली, पोटातल्या बाळाची तपासणी करायची वेळ आली तर दिवस हातातून जातील. मी म्हणालो, पॉझिटिव्ह राहा. ती म्हणाली, "मी घाबरलेय, ते मला कळतंय. तुम्हाला तुमचं कळतंय का?"
या दिवसांत बायकांची चिडचिड होते. मनावर घेतलं नाही. जेवण गेलं नाही, ते उकाड्याने.

२० जून
संजीवनी लॅबमध्ये आली. सगळ्यांदेखत शुभांगीला विचारलं, सरांचं सॅम्पल कधी आलं? शुभांगीने माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. "वहिनी, आलेलंच नाही."
संजीवनी बाकावर बसून राहिली. मी मोठ्या धैर्याने बाही वर केली. सुई दिसली, एवढं आठवतं. शुद्ध आली तेव्हा फरशीवर होतो आणि पाय कुणीतरी स्टुलावर ठेवले होते. सॅम्पल चांगलं मिळालं, असं शुभांगी म्हणाली. संजीवनी माहेरी शिवऱ्याला निघून गेली होती.

२३ जून
रिपोर्ट नॉर्मल. पुन्हा पुन्हा वाचला. केबिनचं दार लावून रडलो.
संजीवनीला फोन केला. म्हटलं, बघ, उगाच टेन्शन घेतलंस. तिकडून नुसतं रडणं. मग म्हणाली, "बाळाचं बरं आहे, देव पावला. पण इतके दिवस मी एकटी घाबरत होते, आणि तुम्ही शेजारी झोपून होता." म्हटलं, आता सगळं नॉर्मल आहे ना. "तुमचं रक्त नॉर्मल आहे," म्हणाली आणि फोन ठेवला.

संध्याकाळ
तिला आणायला निघालो. एसटीने नसरापूरला उतरलो. शिवऱ्याच्या शेअर रिक्षा येतायत, जातायत. मी अजून इथेच. फार गर्दी आहे.
गर्दी नाही. भीती वाटते.