मकर दहाची गाडी

धनु ३
सुगतन मलबारहून परतला. हा माझा साडू, रेमाच्या धाकट्या बहिणीचा नवरा. ऐट अशी की वास्को द गामानंतर कालिकतला पोचलेला हा दुसराच. तिकडच्या मुत्तप्पन देवाने म्हणे त्याचा हात धरला आणि बराच वेळ सोडलाच नाही. त्यात विशेष काय? अंगात मुत्तप्पन आलेला माणूस रंगून-सजून त्यासाठीच तर उभा असतो. सगळ्यांचे हात धरतो, सगळ्यांची गाऱ्हाणी ऐकतो. देव काय बोलला असं रेमाने विचारलं, तर हा म्हणतो, "चेच्ची," म्हणजे ताई, "डोळ्यांत पाणी आलं." काय बोलला ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. झापलं असणार.

धनु ४
रेमा म्हणाली, "मलाही मुत्तप्पनला एक विचारायचंय." काय, ते सांगत नाही. वर ऐकवलं, "लग्नात कबूल केलं होतंत, मलबार दाखवीन म्हणून. लेक सासरी गेली, मी अजून कोट्टयममध्येच. भूगोलाचे मास्तर ना तुम्ही?"
नकाशावर किती वेळा जाऊन आलोय, हे तिला कोण सांगणार.

धनु ८
संकल्प. सुगतन तीन दिवस गेला, आपण अकरा. तो हॉटेलात राहिला, आपण माणसांत राहायचं. तो फक्त बिर्याणीबद्दल बोलतो, आपण विणकरांचे माग, तेय्यमचे देवनाच, होड्या बांधणारे, सगळं मुळापासून.
सुगतन म्हणाला, "चेट्टा, सगळे मिळूनच जाऊ की माझ्या गाडीतून." साफ नाही म्हटलं. तिकडच्या समुद्राशीही हाच माझी ओळख करून देईल. 'चेट्टा' म्हणजे थोरला भाऊ, पण हा म्हणतो तेव्हा म्हातारा असंच ऐकू येतं.

धनु १४
हेडमास्तरांनी तीनच दिवसांची रजा दिली. हरकत नाही. सुगतनचे तीन दिवस पसरट होते, माझे खोल असतील.
मकर दहाला निघायचं ठरलं. त्या दिवशी रेमाचं जन्मनक्षत्र आहे. सुगतन म्हणत होता, बुकिंग मी करून देतो. स्वतः केलं. दोन्ही बर्थ खालचे, झटक्यात मिळाले! तो मोबाइलमधल्या इंग्रजी तारखांवर जगतो, मी भिंतीवरच्या मल्याळी महिन्यांवर. संस्कृती म्हणतात ती हीच.

धनु २०
ड्रॉइंगचे कुंजिरामन मास्तर कण्णूरचे. त्यांच्याकडून तिकडची बोली शिकतोय. ते म्हणाले, "कशाला जिभेला त्रास? देवाला कोट्टयमचंही कळतं." मुत्तप्पन माझा हात किती वेळ धरेल असं सहज विचारलं. तर म्हणाले, "रांगेवर आहे. आणि आमच्याकडे प्रसाद आधी कुत्र्याला हं. कुत्रा देवाचा सोबती."
म्हणजे तिकडेही आपला नंबर नंतरच.

धनु २६
मुंडू, म्हणजे नेसायचं पांढरं धोतर, इस्त्री करून ठेवलं. काठ सुगतनच्या मुंडूपेक्षा दोन बोटं रुंद. जेवताना मलबारची गाडी शिट्टी देत गेली. आत बसलेल्यांचा उगीच हेवा वाटला.

मकर ८
सुगतन आणि त्याची बायको शैलजा निरोप द्यायला आले. सोबत त्यांचा कैसर, म्हणजे कुत्रा. मी तिकीट दाखवलं. सुगतनने ते फार वेळ वाचलं.
"चेट्टा, हे दहा जानेवारीचं आहे."
"मग? मकर दहा."
"मकर दहा म्हणजे चोवीस जानेवारी. ही गाडी गेली."
वर्गात मी शिकवतो, रेखांश बदलला की वार बदलतो. महिना बदलतो असं पुस्तकात कुठेही नाही. पुस्तकाचीच चूक.
रेमा उठली. बॅगेतून माझं मुंडू काढलं आणि कपाटात ठेवून आली.
सुगतनला काय, संधीच मिळाली. म्हणे, "परवा माझी गाडी काढू. चला सगळे." मी म्हटलं, देवाकडे मी दुसऱ्याच्या गाडीतून जात नसतो. तिघंही बघत राहिली. कारण जरा तोकडं वाटलं म्हणून पुढे जोडलं, "आणि कैसरला कोण बघणार?"
तिघांनी आधी कैसरकडे पाहिलं. मग माझ्याकडे.
"मी जाते," रेमा म्हणाली.

मकर १०
गेले. रेमा पुढच्या सीटवर बसली. मागे वळून पाहिलं असावं, काच काळी होती. कैसरसाठी सुक्या मासळीची पुडी ठेवून गेलेत. माझ्यासाठी कालचं सांबार.

मकर ११
रेमाचा फोन. आवाज लग्नातल्यासारखा. मुत्तप्पनने तिचा हात धरून विचारलं, "घरचा माणूस कुठाय?" ही म्हणाली, "कुत्रा सांभाळतोय." मुत्तप्पन हसला. म्हणाला, "मग तो माझंच काम करतोय."
बघा! सुगतनला नुसता हात. मला थेट नेमणूक. त्याला कळवायला लगेच फोन केला, त्याने उचलला नाही. जळत असणार.
विचारायचं होतं ते विचारलंस का, असं मी रेमाला म्हटलं होतं. ती म्हणाली, "विचारायची गरजच उरली नाही. मी आलेच ना." आणि आणखी चार दिवस राहणार आहेत.
पायरीवर बसलो. कैसरने येऊन पंजा माझ्या हातात ठेवला. बराच वेळ सोडलाच नाही. डोळ्यांत पाणी आलं.
मासळी संपली तसा सोडला.