रिकाम्या पोटी घेतलेली वजनं

प्रिय ताई,

चिरंजीवांचे शर्ट मिळाले. तुझ्या चौथीतल्या पोराचे कपडे माझ्या सातवीतल्या सगळ्यात उंच मुलाला ढगळ होतात. आत मुलगा आहे की नुसता शर्टच वर्गात आलाय, हे वाकून बघावं लागतं. तिकडे तू वजन उतरवायला त्याला पोहायला पाठवतेस, इकडे एखादं पोर अर्धा किलो वाढलं तर मी दिवसभर खुशीत असते. यात तुझा काही दोष नाही. पण 'गावची मुलं काटकच असतात' असं पुन्हा लिहू नकोस. प्रार्थनेला उभं राहून चक्कर येते, त्याला काटक म्हणत नाहीत.

वजनाच्या दिवशी भावोजी तपासणीला आले होते, हे त्यांनी सांगितलं असेलच. पुढचं सांगितलं नसेल. माझ्या पोरांना वाटलं, वजन म्हणजे परीक्षा. कमी भरलं तर बाई नापास करतील. सगळी नळाला तोंड लावून टम्म पाणी पिऊन आली. सहावीतली चिमणी काट्यावर चढली, तर तिच्या पोटातलं पाणी डुचमळलेलं मला ऐकू आलं. आधी हसू आलं, मग रडू. मी वजनं थांबवली आणि सगळ्यांना मोकळं होऊन यायला सांगितलं. भावोजी घड्याळाकडे बघत म्हणाले, "प्यायली तर प्यायली. तेवढं धरून टाका, आकडे बरे दिसतील."

आकडे बरे दिसले की शाळेला सकाळचं दूध-अंडं मिळत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. पण वजनं खरी लिहिली, तर त्यांनी गेल्या वर्षी वर कळवलेली प्रगती खोटी ठरते. मी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अनवाणी, रिकाम्या पोटी पुन्हा वजनं घेतली.

तू नेहमी लिहितेस, तपासणीला घरचं माणूस आहे, सांभाळून घे. नाही घेणार. आज मी खरी वजनं त्यांना वगळून थेट वरच्या ऑफिसात पाठवली, ते काय म्हणाले तेही सहीनिशी कळवलं. त्यांची चौकशी होईल, बढती अडेल. हे तुला बाहेरून कळू नये म्हणून हे पत्र. रागव खुशाल. लहानपणी भूक नाही म्हणत तू तुझं ताट माझ्याकडे सरकवायचीस, आणि तुला भूक असायची. चिमणीची ताईही रोज तेच करते. ती चिमणीपेक्षा हलकी भरली.

तुझीच, जराही न पस्तावलेली,
धाकटी